खाऱ्या वाऱ्यात जाम झालेले नट: पाना लावण्याआधीपासून ते मेकॅनिकला बोलावण्यापर्यंत

‘नट जाम झालाय’ असं आपण सरसकट म्हणतो, पण जाम होण्याचे प्रकार निराळे आणि प्रत्येकावरचा उपायही निराळा. म्हणून जुन्या गाडीखाली शिरलात की आधी लक्षण ओळखा.

पाना नीट बसलाय, तुम्ही भार टाकलाय आणि नट जागचा हलत नाही, हे सर्वांत साधं लक्षण. याला घाबरायचं कारण नाही. दुसरं म्हणजे नट पाव फेरा फिरतो, चर्र आवाज करतो आणि पुढे पुन्हा घट्ट होत जातो. तिसऱ्यात पाना घसरतो आणि नटाचे कोपरे चकाकायला लागतात. चौथ्यात नट मजेत फिरतो, पण पलीकडे बोल्टही त्याच्याबरोबर फिरत असतो.

पाचवं लक्षण हाताला ओळखता आलं पाहिजे, कारण सगळं नुकसान तिथेच होतं. नट फिरतोय असं वाटतं, पण आवाज काही नाही. हाताला रबर पिळल्यासारखं मऊ लागतं आणि जोर कमी केला की पाना किंचित मागे येतो. इथे नट सुटत नसतो, बोल्ट पिळला जात असतो. आणखी पाव फेरा दिलात की मुंडी हातात येईल. खरोखर सुटणारा नट ‘टक्’ असा कोरडा आवाज करतो. तो आवाज न येता नट लोण्यासारखा फिरू लागला, तर त्या क्षणी थांबा.

माझी गाडी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. गाडी चिऱ्याच्या पडवीत तोंड उत्तरेला करून उभी असते, म्हणजे डावं अंग कायम समुद्राकडे. बारा-तेरा वर्षांत या गाडीचा जवळजवळ प्रत्येक नट मी एकदा तरी सोडवलाय. डाव्या अंगाच्या नटांना उजव्यापेक्षा निदान दुप्पट वेळ लागतो, हे आता माझ्या हिशेबातच असतं. शिवाय वाडीतल्या दोन जुन्या जीप आणि एक अँबॅसेडर अधूनमधून माझ्याकडे येतात. तिन्ही गाड्यांचा आजार एकच. त्यामुळे खाली लिहिलेला क्रम पुस्तकातला नाही, हाताखालून गेलेला आहे.

इथेच इतका गंज का

रत्नागिरीला वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण नुसत्या पावसाने नट असे धरत नाहीत. खरं काम करतं ते मीठ. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ आपोआप पाझरायला लागतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वाऱ्याबरोबर उडालेलं मीठ आट्यांच्या, म्हणजे नट-बोल्टच्या पेचाच्या, फटीत बसलं की तिथेही तेच होतं. हवेतलं पाणी ते ओढून घेतं आणि फट ओली राहते, पाऊस नसला तरी. शिवाय मिठातला क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडतो. त्यातून तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. तिथे गंज फुगतो आणि पाचर मारल्यासारखा दोन्ही बाजूंना दाबून बसतो.

म्हणून आपल्या पट्ट्यात नट सोडवणं हे मुळात त्या फटीत तेल पोहोचवण्याचं आणि गंजाची पकड मोडण्याचं काम आहे. जोराचा नंबर फार नंतर लागतो. जोर आधी लावला की बोल्ट तुटतो, आणि दहा मिनिटांचं काम चार दिवसांवर जातं.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सगळ्यात आधी पाहा की नट खरोखर जामच आहे का. स्टिअरिंगच्या आणि चाकाच्या बेअरिंगच्या नटांना स्प्लिट पिन असते. गंजाच्या आणि चिखलाच्या थराखाली ती दिसतच नाही. काही ठिकाणी पत्र्याच्या वायसरचा कान नटावर दुमडलेला असतो. तो सरळ केल्याशिवाय नट फिरणार नाही आणि फिरूही नये.

जीपवाल्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. जुन्या विलीज घडणीच्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. म्हणजे आपण सोडवायला म्हणून जोर लावतो आणि प्रत्यक्षात नट आवळत राहतो. वाडीतल्या एका जीपचे दोन स्टड (एका टोकाने कायम बसवलेले बिनमुंडीचे बोल्ट) असेच तुटलेले मी पाहिले, पाइप लावून दोघांनी मिळून तोडलेले. स्टडच्या टोकावर खूण असते, तारेच्या ब्रशने घासून ती बघून घ्या.

मग पाना. पद्मिनी मूळची फियाट, म्हणजे इटालियन घडण, सगळं मिलिमीटरमध्ये: दहा, तेरा, सतरा. जीप आणि जुनी, मॉरिसच्या घडणीची अँबॅसेडर इंची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो, काम होईल असंही वाटतं, पण ०.३ मिलिमीटरची ढिलाई राहते आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खायला तेवढी पुरते. नट गोल झाल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याच इथून सुरू झालेल्या असतात. गाडी चाळीस वर्षं निरनिराळ्या हातांतून गेलेली असते. एका ठिकाणी मूळ बोल्ट, शेजारी दुसऱ्याच गाडीचा. त्यामुळे ‘ही मेट्रिक गाडी आहे’ असं धरून चालू नका, प्रत्येक नटावर पाना लावून बघा.

पाना डी, म्हणजे उघड्या तोंडाचा, असेल तर बाजूला ठेवा. तो दोनच बाजूंनी धरतो. गोटी (सॉकेट) वापरा, आणि तीही सहा कोनांची. बारा कोनांची गोटी कोपऱ्याच्या टोकाला धरते आणि टोकच तर गंजाने गेलेलं असतं. सहा कोनांची गोटी सपाट बाजूवर दाबते. गोटी हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण खाली बसवा. मधे चिखल किंवा रंगाचा थर राहिला तर ती अर्ध्यावरच बसते आणि घसरते.

आटे साफ करणं

याला मी वेगळं शीर्षक देतोय, कारण जो तो हेच गाळतो.

मी शिकत होतो तेव्हा बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांच्यासमोर एकदा मी पाट्याच्या, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, यू बोल्टचा नट सोडवायला बसलो. पाना लावला, अंग टाकलं. ते नुसते बघत होते. मग म्हणाले, “झिला, थांब. आधी पाठचे आटे साफ कर, मगे पानो लाव.” नटाच्या पलीकडे बोल्टचा बोटभर भाग बाहेर आलेला होता आणि त्याच्यावर गंजाची पापुद्र्यासारखी साल चढली होती. नट सुटतो तो याच भागावरून बाहेर येतो. तिथे साल असेल तर सुटलेला नटसुद्धा तिच्यात अडकून पुन्हा जाम होतो. वरच्या लक्षणांतलं ‘पाव फेरा फिरतो आणि घट्ट होतो’ ते बहुतेक वेळा हेच असतं.

त्या दिवशी आम्ही तारेच्या ब्रशने दहा मिनिटं आटे घासले, सुईने खाचांमधला गंज खरवडला. खाली लाल भुकटीचा छोटा ढीग पडला. आटे काळे, पण अखंड दिसायला लागले. मग तेल टाकून नट अर्धा फेरा मागे, पाव फेरा पुढे, असा काढत नेला. तासाभरात चारही नट हातात होते आणि बोल्ट पुन्हा वापरता आले.

होडीच्या इंजिनाची माणसं रोज खाऱ्या पाण्यात काम करतात. त्यांच्याकडून मी जितकं शिकलो, तितकं कुठल्याच गॅरेजमध्ये शिकलो नाही.

तेल आणि वेळ

बाजारात गंज सोडवणारे स्प्रे मिळतात. डब्ल्यूडी-फोर्टी सगळ्यांना माहीत आहे, पण तो मुळात ओल हटवण्यासाठी बनवलेला आहे. हलक्या गंजावर चालतो. जुन्या गंजासाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून मिळतं ते घ्या. गॅरेजमध्ये अॅसिटोन आणि लाल ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल समसमान घेऊन मिश्रण करतात. ते फटीत फार चांगलं शिरतं. मात्र दोन्ही वेगळे होतात, म्हणून दरवेळी बाटली हलवायची. अॅसिटोन पटकन पेट घेतं, रंग आणि रबर खातं. ते चुलीजवळ, बंद खोलीत किंवा पाण्याच्या पातळ बाटलीत ठेवू नका. काहीच नसेल तर डिझेल चालतं, फक्त दोन-तीन दिवस द्यावे लागतात.

खोबरेल घालू नका. घरात असतं म्हणून हात त्याच्याकडेच जातो, पण ते फटीत शिरत नाही, थंडीत गोठतं आणि कालांतराने चिकट होऊन गंजावर आणखी एक थर बसवतं.

तेल एकदा मारून लगेच पाना लावण्यात अर्थ नाही. संध्याकाळी मारा, सकाळी मारा, पुन्हा संध्याकाळी मारा, आणि दरवेळी तेल मारल्यावर बोल्टच्या मुंडीवर हातोडीने दहा-वीस हलके ठोके द्या. ठोक्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्या तड्यांतून आत जातं. ठोके मुंडीवर किंवा नटाच्या सपाट बाजूवर द्यायचे. स्टडच्या उघड्या टोकावर कधीच नाही, कारण टोक पसरलं की नट त्याच्यावरून बाहेर येणार नाही. आडव्या नटावर तेल ओघळून जातं, तिथे कणकेचा छोटा आळा करून तेल त्यात साठवा. उभ्या बोल्टला तेल वरून सोडा, खालून मारलेलं निम्मं जमिनीवर पडतं.

मुंबईहून गणपतीला येणाऱ्यांना हे खास सांगायचंय. तुमच्या हातात पाच-सहा दिवस असतात. पहिल्या दिवशी पूजेची गडबड, दुसऱ्या दिवशी गाडीचं झाकण काढता, तिसऱ्या दिवशी पाना लावता आणि चौथ्या दिवशी बोल्ट तुटलेला असतो. त्यापेक्षा यायच्या आठवडाभर आधी घरच्या काकांना किंवा भावाला फोन करा, कुठल्या नटांवर तेल मारायचं ते फोटोवर खूण करून पाठवा. तुम्ही याल तेव्हा निम्मं काम झालेलं असेल. आणि मोठं काम असेल तर ते दिवाळीनंतर ठेवा. भर पावसात उघडलेली गाडी दोन दिवस तशीच राहिली की नव्याने गंज धरते.

आता पाना, आणि किती जोर

पहिला जोर सोडवण्याकडे लावू नका. आधी अगदी किंचित आवळा, मग सोडवा. उलट वाटतं, पण गंजाची पकड दोन्ही दिशांनी हलली की लवकर मोडते. जरा जरी हलला तरी थांबून तेल टाका. पुढे-मागे, पुढे-मागे. चर्र आवाज वाढला किंवा नट गरम लागला तर परत आवळून पुन्हा तेल. एकदा सुटला म्हणून सरसर बाहेर खेचला की अर्ध्यात अडकतो, आणि तेव्हाचा अडकलेला नट पहिल्यापेक्षा वाईट.

जोराचा हिशेब एकदा मांडून ठेवलेला बरा. तेराच्या पान्याचा बोल्ट म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचा. तो साधारण २५ न्यूटन मीटरला (हे पिळण्याच्या जोराचं माप) कसायचा असतो. पाव मीटर लांबीच्या पान्यावर तुम्ही २० किलोचा भार टाकलात की ५० न्यूटन मीटर होतात, म्हणजे आधीच दुप्पट. त्याच पान्यावर मीटरभर पाइप चढवला तर २००. दहाच्या पान्याचा बोल्ट तर १० न्यूटन मीटरचा. म्हणून पाइप फक्त चाकाच्या नटांना आणि चेसिसच्या जाड बोल्टना. दहाच्या आणि तेराच्या बोल्टला पाइप लावायचा नाही, काहीही झालं तरी. माझ्या गाडीचा सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचा पहिला स्टड मी असाच तोडला. त्याचा राहिलेला तुकडा काढायला पुढचे दोन रविवार गेले.

दाराच्या बिजागरीचे स्टार स्क्रू हा वेगळा विषय. त्यांना साधा स्क्रू ड्रायव्हर लावून घसरवू नका. हाताने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो. त्याच्या पाठीवर हातोडी मारली की टोक खाचेत दाबलं जातं आणि त्याच वेळी फिरतं. फार महाग नाही आणि जुन्या गाडीवाल्याकडे असायलाच हवा.

आंच

तेलाने तीन-चार दिवसांत ऐकलं नाही तर आंच. पण त्याआधी थोडं थांबा.

पेट्रोलची टाकी, पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटर यांच्या जवळपास ज्योत न्यायची नाही. शॉकअॅब्झॉर्बर बंद भांडं असतं, तापवलं तर फुटतं. रबरी बुश आणि ब्रेकच्या नळ्यांपासून दूर राहा. आदल्या दिवसांत तुम्ही तिथे अॅसिटोनचं मिश्रण मारलंय हे विसरू नका. आधी सगळं कोरडं पुसा आणि वास पूर्ण जाऊ द्या. आणखी एक, फार कमी जणांना ठाऊक असलेली गोष्ट: काही ब्रेक क्लीनर स्प्रेंमध्ये क्लोरीन असलेली द्रावणं असतात. तशा स्प्रेने ओल्या झालेल्या जागेवर ज्योत किंवा वेल्डिंग लावलं तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. थोडासाही जिवावर बेतू शकतो. काम उघड्यावर करा, बादलीभर वाळू आणि एक माणूस शेजारी ठेवा.

सर्वांत सौम्य आंच म्हणजे उकळतं पाणी, आणि अॅल्युमिनियमवर ते फार उपयोगी पडतं. पद्मिनीच्या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि बोल्ट पोलादाचे. खाऱ्या हवेत या दोन धातूंच्या सांध्यात पांढरी भुकटी धरते. ती तेलाला फारशी दाद देत नाही. पण तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणून भोक सैल होतं. थंड इंजिनावर एकदम ओतू नका, आधी कोमट, मग आधणाचं, असं दोन-तीनदा. अॅल्युमिनियमवर गॅसची ज्योत मात्र नवख्याने लावूच नये. लोखंड तापलं की लाल होतं, आपल्याला कळतं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तोपर्यंत रंग बदलत नाही. चकाकी जरा बदलल्यासारखी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

लोखंडी नटावर ज्योत लावताना नट तापवायचा, बोल्ट नाही. नट पसरला पाहिजे. तपकिरी-निळा व्हायला लागला की ज्योत काढा आणि सांध्याला मेणबत्ती टेकवा. मेण पातळ होऊन आट्यांत खेचलं जातं. ते खेचलं जाताना दिसतं, नटाच्या कडेला टेकवलेलं मेण क्षणात नाहीसं होतं. मग सहा कोनांची गोटी, थोडा मागे-पुढे. बहुतेक वेळा तो ‘टक्’ आवाज इथे येतो. नाही आला तर गार होऊ द्या आणि परत करा. तीन वेळा तापवून गार केलेला नट मी क्वचितच न सुटलेला पाहिलाय.

कोपरे गेले असतील तर

गोल झालेल्या नटावर पक्कड घेऊन झटापट करू नका, उरलेलंही जातं. कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून एक आकडा लहान पाना ठोकून बसवा. किंवा व्हाइस ग्रिप घट्ट आवळून लावा. नट बाहेर उघड्यावर असेल आणि नवा मिळणारा असेल, तर तो वाचवण्याचा हट्ट सोडा. हॅक्सॉने किंवा छिन्नीने नट उभा चिरा, आट्यांना ब्लेड लागायच्या आत थांबा आणि छिन्नीने फट फाकवा. बाजारात नट चिरणारं स्क्रूचं हत्यारही मिळतं. नट दहा-वीस रुपयांचा असतो, स्टड आणि तो ज्यात बसलाय तो भाग किमती.

नटाबरोबर बोल्टही फिरत असेल तर पलीकडून दुसऱ्या पान्याने धरा. पलीकडे हात पोहोचत नसेल, म्हणजे तिथला वेल्ड केलेला नट सुटलेला असेल, तर ते पत्रा कापण्याचं काम आहे. तिथे फॅब्रिकेशनवाल्याला बोलवा.

इथे थांबा

स्टड आत तुटला की बऱ्याच जणांचा हात लगेच ड्रिल आणि एक्स्ट्रॅक्टरकडे (तुटका तुकडा फिरवून काढायच्या हत्याराकडे) जातो. एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साध्या ड्रिलने त्याला ओरखडाही जात नाही. आणि हाताने धरलेलं ड्रिल मऊ अॅल्युमिनियमकडे सरकतंच, भोक तिरकं पडतं. स्टडचा तुकडा थोडा बाहेर असेल तर चांगला वेल्डर त्याच्यावर नवा नट वेल्ड करून काढतो. वेल्डिंगच्या उष्णतेनेच पकड सैल होते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढायला सांगा. तुकडा आतच असेल, तर भाग उतरवून लेथवाल्याकडे न्या. हेडचं काम असेल तर मी घाट चढून कोल्हापूरला नेतो. तिथे जॉब मशीनवर सरळ बांधून बरोबर मध्यावर भोक घेतात, लागलं तर नवे आटे असलेली स्प्रिंग बसवून देतात.

ब्रेकचा प्रश्न याहून गंभीर. ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा ब्लीडर स्क्रू आतून पोकळ असतो, म्हणून साध्या बोल्टपेक्षा फार लवकर तुटतो. ब्रेकच्या नळीचा नट गंजाने नळीला धरतो. नट फिरतो आणि नळी पिळते. नळीवर पीळ दिसला की नळी गेली, तिच्यावर गाडी चालवायची नाही. खनिज तेल ब्रेकच्या आत गेलं तर रबरी वायसर फुगतात, म्हणून तिथे स्प्रेसुद्धा बाहेरून आणि जपून. एकदा हलका प्रयत्न करा, नाही सुटला तर ब्रेकचं काम रोज करणाऱ्याकडे द्या. स्टिअरिंगचे सांधे तसेच. पद्मिनीच्या पुढच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगा दबलेल्या असतात. तिथला अडकलेला बोल्ट बाहेर आला की स्प्रिंग सुटते, आणि ती माणसाचं हाड मोडू शकते. योग्य क्लॅम्प आणि जाणता माणूस नसेल तर तो बोल्ट तसाच राहू दे. आणि गाडीखाली शिरताना फक्त जॅकवर विसंबू नका. पान्याला झटका दिला की जॅक सरकतो. खाली घोड्या (जॅक स्टँड) लावा, कातळावर किंवा काँक्रीटवर, मातीत नाही.

परत बसवताना प्रत्येक आट्याला तांब्याची अँटी-सीझ पेस्ट किंवा ग्रॅफाइट ग्रीस लावा, मॅनिफोल्डला पितळी नट घाला. ग्रीस लावलेला नट कमी जोरात जास्त कसला जातो, तेव्हा नेहमीपेक्षा थोडा कमी आवळा. चाकांच्या नटांना ग्रीस नको, तिथे आटे ब्रशने साफ केले की पुरे. समुद्रकिनाऱ्यावरून गाडी आणलीत तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

आणि काम दुसऱ्याकडे दिलंत तर त्याला खरं सांगा. कुठला नट तुम्ही किती वेळा तापवला, कुठे अॅसिटोन मारलं, कुठे ब्रेक क्लीनर, कुठला बोल्ट हाताला मऊ लागला म्हणून सोडून दिला. मी कागदावर गाडीचा आराखडा काढून त्यावर खुणा करतो आणि तो कागद वायपरखाली ठेवून गाडी देतो. वेल्डर ज्योत पेटवण्याआधी तो वाचतो.